एकोणतीसचा पाढा आणि ३२ किलोमीटर

गेल्या रविवारी नागपूरच्या फुटाळा तलावापासून निघून सेमिनरी हिल्स, काटोल नाका, गोरेवाडा असे करत फेटरीच्या पुढपर्यंत आणि त्याच रस्त्याने परत, असे ३२ किलोमीटर मी पळत पूर्ण केले. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी चाललेल्या माझ्या सरावातला हा सर्वांत मोठा टप्पा होता. हेच अंतर याच रस्त्यावर नोव्हेंबरात माझ्याकडून पुरे झाले नव्हते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर २७ व्या किलोमीटरला, काटोल नाक्याजवळ, रस्त्याकडेच्या दगडावर बसले ती पुन्हा उठून पळू शकले नाही. पाय दुखत होते असे नव्हे; पायांना काही सांगितले तर ते ऐकतच नव्हते. घरी आल्यावर घड्याळातली नोंद पाहिली, तेव्हा कारण पहिल्या दहा किलोमीटरांतच सापडले. शर्यतीसाठी मी पाच तासांचे लक्ष्य ठेवले आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटे ६ सेकंद. सरावाच्या लांब धावेत याहून निदान अर्धा मिनिट सावकाश पळायला हवे होते आणि मी मात्र थंड हवेच्या भरात पहिले दहा किलोमीटर ६ मिनिटे ५० सेकंदांच्या गतीने काढले होते. शिवाय वीस किलोमीटर होईपर्यंत पाण्याव्यतिरिक्त काहीही पोटात घातले नव्हते.

आपल्या शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. त्यातला बराचसा स्नायूंत आणि थोडा यकृतात. हा सगळा साठा मिळून जेमतेम दोन हजार कॅलरींच्या आसपास भरतो, आणि बहुतेक धावपटूंना तो तीस किलोमीटरच्या आगेमागे संपत आल्याचे जाणवते. चरबीचा साठा कितीतरी मोठा असतो, पण तिच्यापासून ऊर्जा मिळायला वेळ लागतो. सावकाश पळताना शरीर चरबीचा वाटा वाढवते आणि ग्लायकोजेन पुरवून वापरते, तर वेग वाढला की ग्लायकोजेन भराभर खर्ची पडते. सुरुवातीच्या तासाभरात किलोमीटरमागे वाचवलेली पंचेचाळीस-पन्नास सेकंदे मी अशा रीतीने शेवटच्या पाच किलोमीटरांच्या मोबदल्यात विकत घेतली होती.

या वेळी म्हणून पहिल्या तासावरच सगळे लक्ष ठेवायचे ठरवले आणि त्यासाठी शेजारच्या काकांची मदत घेतली. काका निवृत्त गणित शिक्षक आहेत, वय सत्तरीच्या जवळ, आणि रोज पहाटे सायकल चालवतात. पहाटे पाचच्या आत अंधाऱ्या रस्त्यावर एकट्या बाईने पळणे हे आजही निर्धास्तपणे करता येण्यासारखे नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी केवळ याच कारणाने दहा-बारा किलोमीटरच्या पुढे गेलेल्या नाहीत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. काका सोबत येतात म्हणून मला हे अंतर गाठता आले, हे इथे स्वच्छ सांगितले पाहिजे. त्यांच्या सायकलच्या टोपलीत दोन बाटल्या साधे पाणी, एक बाटली लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी, एका डब्यात बिया काढलेला खजूर आणि चार जेल (पळताना खायच्या, कर्बोदकांच्या घट्ट पाकाच्या पुड्या) असा सरंजाम होता. दर चाळीस मिनिटांनी, भूक असो वा नसो, एक जेल किंवा चार-पाच खजूर खायचे असे ठरले होते. लांब धावेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगतात. माझा हिशेब साधारण चाळीस ग्रॅमांचा बसत होता.

पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी फुटाळ्यावरून निघालो तेव्हा ११ अंश तापमान होते. तलावावर धुके होते आणि चौपाटीच्या बाजूला एकही माणूस नव्हता. सेमिनरी हिल्सचा चढ सुरू झाला तसे अंग गरम झाले, हातमोजे काढून टोपलीत टाकले, आणि नेमक्या त्याच ठिकाणी पाय आपोआप झपाझप पडू लागले. काकांना ते लगेच कळले. ‘हळू जा बेटा, घाई कशाची करून राहिली?’ असे म्हणून त्यांनी मला एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगितला.

सराव करणाऱ्यांना ही कसोटी माहीत असते: पळताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले, तर गती बरोबर आहे असे समजायचे. काकांनी वाक्याऐवजी पाढा घेतला, आणि तोही शाळेत सगळ्यांना अडवणारा एकोणतीसचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, असे करत मी चढावर दोनशे नव्वदपर्यंत गेले. मधे दोनदा श्वास घ्यावा लागला, तर त्यांनी तेवढी गती आणखी कमी करायला लावली. घड्याळात ७ मिनिटे ४० सेकंद दिसू लागले, आणि पुढचे दोन तास आम्ही तो आकडा फारसा हलू दिला नाही. मागून आलेले दोन तरुण मला ओलांडून भरकन पुढे गेले तेव्हा त्यांच्यामागे जाण्याची ओढ आवरणे, हे मला त्या दिवशीच्या कोणत्याही चढापेक्षा अवघड गेले.

काटोल नाका ओलांडल्यावर रस्त्यावरची वर्दळ एकदम बदलते. शहरातली वाहने कमी होतात आणि भाजीपाल्याच्या गाड्या व ट्रक समोरून येऊ लागतात. आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने जात होतो. माझ्या डोक्याला दिवा होता आणि अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट. गोरेवाड्याच्या जंगलालगत थंडी अधिकच बोचरी झाली. तिथला अंधार आणि शांतता मला फार आवडते. आपल्याच पावलांचा आणि सायकलच्या साखळीचा आवाज तेवढा ऐकू येतो, आणि मन अगदी रिकामे होऊन जाते.

फेटरीत एका टपरीवर चुलीतला धूर निघत होता. पाणी पिण्यासाठी अर्धा मिनिट थांबले तेव्हा टपरीवाल्या भाऊंनी विचारले, ‘एवढ्या थंडीत कुठं चालल्या जी ताई?’ मी म्हटले, ‘फुटाळ्याला.’ ‘अन् आल्या कुठून?’ ‘फुटाळ्याहूनच.’ त्यांनी काकांकडे पाहिले, काकांनी मान डोलावली, आणि भाऊंनी काही न बोलता समोरच्या ढिगातली दोन संत्री उचलून टोपलीत ठेवली. पैसे घेतले नाहीत. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत काटोल रस्त्यावर जागोजागी दिसतात, पण ही दोन मी विसरणार नाही.

सोळा किलोमीटर झाले तिथून आम्ही वळलो तेव्हा पावणेसात होत आले होते आणि सूर्य नुकताच वर येत होता. काटोल रस्ता शहरातून वायव्येला जातो आणि डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्यामुळे परतीची वाट जवळजवळ सगळी ऊन डोळ्यांवर घेत करावी लागते. नागपूरच्या कोरड्या हवेचा आणखी एक धोका इथे लक्षात आला. घाम येताक्षणी वाळून जातो, म्हणून आपण घामाघूम झालो आहोत हे कळतच नाही. गालावरून हात फिरवला तेव्हा मिठाची खरखर लागली. तहान नसतानाही मी लिंबूपाणी घेत राहिले. नुसते पाणी भरपूर पीत गेल्यास रक्तातले सोडियम घटून धोका होऊ शकतो, म्हणून त्या बाटलीतले मीठ महत्त्वाचे होते. मुंबईच्या दमट हवेत हे सगळे निराळे असेल आणि त्याची तयारी नागपुरात राहून पूर्ण करता येत नाही, ही काळजी अजूनही आहे.

काटोल नाक्याजवळचा तो दगड आला. २७ वा किलोमीटर नुकताच पुरा होत होता. मी त्याकडे बघणार नाही असे ठरवले होते, तरी बघितले, आणि पळत राहिले.

खरी परीक्षा त्यानंतर होती. हा मार्ग मी मुद्दाम असा निवडला होता की सेमिनरी हिल्सचा चढ शेवटी यावा, कारण मुंबईत पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ तीस किलोमीटरनंतर, पाय रिकामे झाल्यावर समोर येतो. अंगात थकवा असताना डोंगर चढण्याचा हा सराव नवा नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना दर रविवारी ऑकलंडजवळच्या डोंगरांतून २२ मैलांची, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरची फेरी करायला लावत, आणि त्यांत पीटर स्नेलसुद्धा होता, ज्याने १९६० साली रोमला आणि १९६४ साली टोकियोला ८०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी तो माणूस डोंगरातून ३५ किलोमीटर पळत होता, हे मी प्रथम वाचले तेव्हापासून लांब धावेबद्दलचा माझा आदर वाढला आहे.

चढाच्या पायथ्याशी, एकोणतिसाव्या किलोमीटरला, काकांनी पुन्हा पाढा म्हणायला सांगितला. एकोणतीस सक पर्यंत मी एकशे चौऱ्याहत्तर म्हणत नीट पोहोचले आणि एकोणतीस सातेवर अडले. श्वास पुरत होता, आकडा सापडत नव्हता. लहानपणापासून पाठ असलेली गोष्ट डोक्यातून पुसली गेल्यासारखी झाली आणि मला भीती वाटली. मेंदूला साखर कमी पडू लागली की असे होते, हे मला माहीत होते, पण माहीत असणे वेगळे आणि तशा अवस्थेत भर रस्त्यावर असणे वेगळे. काका सायकलवरून उतरले. त्यांनी फेटरीचे एक संत्रे सोलले आणि सायकल हाताने ढकलत, माझ्या बरोबरीने चालत, एकेक फोड मला दिली. मी त्या चढावर त्यांच्या चालण्याच्याच वेगाने, छोटी छोटी पावले टाकत पळत होते. त्या दोन किलोमीटरांना मला जवळजवळ वीस मिनिटे लागली.

फुटाळ्याकडचा उतार मला वाटला होता तितका सोपा नव्हता. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांना सर्वांत जास्त इजा तिथेच होते, आणि प्रत्येक पाऊल गुडघ्याच्या वर ठणकत होते. तलावाचे पाणी दिसले तेव्हा कठड्यावर ऊन खात बसलेली माणसे, फुगेवाला आणि सेल्फी काढणारी मुले अशी नेहमीची रविवारची सकाळ तिथे सुरू झाली होती. घड्याळात ३२ चा आकडा उमटला त्या वेळी ८ वाजून ५१ मिनिटे झाली होती, आणि एकूण वेळ ४ तास ११ मिनिटे भरला.

मी कठडा धरून उभी राहिले. पाय थरथरत होते आणि डोळ्यांत पाणी आले होते. काकांनी सायकल उभी केली, दुसरे संत्रे माझ्या हातात दिले आणि काहीही विचारले नाही. ते अर्धे खाऊन होता होता, कोणी न सांगता, माझ्या तोंडून निघाले, ‘एकोणतीस साते दोनशे तीन.’

‘पुढं?’ काका म्हणाले.

‘एकोणतीस आठे दोनशे बत्तीस. एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ठ. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद.’