साठ प्रती आणि एक रफार

आमच्या बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा डिसेंबरातल्या एका रविवारी ठरला, आणि त्यानिमित्त एक छोटी पुस्तिका छापावी असे पुण्याच्या धाकट्या बहिणीला सुचले ते बरोबर अकरा दिवस आधी, बुधवारी. ऐंशी वर्षे आणि साधारण दहा महिने पूर्ण झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिलेल्या असतात, असा या सोहळ्यामागचा हिशेब आहे. म्हणजे हा दिवस कोणालाही अचानक गाठत नाही, तो माणूस जन्मल्यापासून ठरलेला असतो. तरीही तयारीला अकराच दिवस उरावेत, ही आमच्या घराची जुनी रीत आहे.

पुस्तिका बाबांच्या नकळत करायची होती. बाबांनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवले आणि शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रिते वर्षानुवर्षे तपासली. लग्नाच्या पत्रिकेतही ते आधी ऱ्हस्वदीर्घ पाहतात आणि मग मुहूर्त पाहतात. घरात असा माणूस असताना त्याच्यापासून लपवून काही छापायचे, म्हणजे वैद्याच्या घरात राहून गावातल्या भोंदूकडून औषध आणण्यासारखे आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते.

गुरुवारी सकाळी मी नागपूरच्या महाल भागातल्या ओळखीच्या छापखान्यात गेले. डिसेंबरात नागपुरात छपाईचे काम घेऊन जाणे यासारखा अडाणीपणा नाही. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे भरते, आणि त्या करारातून विदर्भाला नेमके काय मिळाले यावर वाद घालणारे घालोत, फ्लेक्सवाल्यांना मात्र न चुकता काम मिळते. विमानतळापासून विधानभवनापर्यंत प्रत्येक खांबावर कोणाचे तरी स्वागत टांगलेले असते. छापखान्याचे मालक वर न पाहताच म्हणाले, “ताई, प्लेट साठ कॉप्याइले लागते तेवढीच सहाशेले लागते, तुम्हाले परवडणार नाही. डिजिटलवर करून देतो म्हटलं असतं, पण माणसं सारी बॅनरवर लागून राहिली. अधिवेशन संपलं की या.” अधिवेशन संपेपर्यंत बाबांची एक हजार एकावी पौर्णिमा उजाडली असती.

म्हणून त्याच रात्री अकरा चाळीसला, बहीण फोनवर पुण्याहून आणि मी धरमपेठेतल्या घरी लॅपटॉपसमोर, अशा आम्ही दोघींनी एका संकेतस्थळावर साठ प्रतींची मागणी नोंदवली. “तीन दिवसांत छपाई, दोन दिवसांत घरपोच” असे तिथे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. तीन आणि दोन पाच, गुरुवार अधिक पाच म्हणजे मंगळवार, असे गणित करून आम्ही निश्चिंत झालो. त्या ठळक ओळीखाली बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या, त्या पैसे भरून झाल्यावर वाचल्या. दिवस म्हणजे कामाचे दिवस, शनिवार-रविवार वगळून. मोजणी सुरू होते ती मागणी नोंदवल्यापासून नव्हे, तर फाइल मंजूर झाल्यापासून. आणि दुपारी बाराच्या आत मंजुरी दिली तरच तो दिवस धरला जातो. मंगळवार असा एका परिच्छेदात शुक्रवारवर गेला, आणि तोही सगळे सुरळीत पार पडले तर.

अर्थातच तसे झाले नाही. शुक्रवारी संध्याकाळी फाइल परत आली. पहिली तक्रार पानांची होती: मध्यभागी पिन मारायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीतच असावी लागतात, आणि आमची बावीस भरत होती. हे शाळेचा अंक घरात पाहिलेल्या मुलीला ठाऊक असायला हवे होते. दुसरी तक्रार ब्लीडची, म्हणजे रंग कागदाच्या कडेपलीकडे तीन मिलिमीटर सोडण्याची; तो सोडला नाही तर कापणी केसभर सरकली तरी पांढरी रेघ दिसते. तिसरी तक्रार आईबाबांच्या लग्नातल्या फोटोची होती, आणि ती मनाला लागली. एवढ्या जपणुकीने ठेवलेल्या फोटोला “दर्जा कमी” असा शेरा मिळाला होता. ए-फाइव्ह आकाराच्या पूर्ण पानावर फोटो स्वच्छ उमटायचा, तर इंचाला तीनशे या हिशेबाने रुंदीत साडेसतराशेच्या आसपास बिंदू लागतात. बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ते नऊशे साठ होते. फोटो फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो पिळून हलका करते, कागदपत्र म्हणून पाठवला की आहे तसा जातो. अल्बममधला फोटो पुन्हा स्कॅन होऊन तसा आला, तेव्हा आईच्या शालूची जरच नव्हे, तर मागे उभ्या असलेल्या मामांच्या चेहऱ्यावरची नाराजीही स्पष्ट दिसू लागली.

शनिवार-रविवार कामाचे नसल्यामुळे आम्हाला दोन रात्री फुकट मिळाल्या. त्यांपैकी दीड रात्र मुखपृष्ठावरच्या एका शब्दात गेली.

‘सहस्र’ हा शब्द पुष्कळ पत्रिकांवर ‘सहस्त्र’ असा छापलेला असतो. त्यातला त कुठून आला हे कोणी विचारत नाही. ‘स्त्री’ आणि ‘शस्त्र’ यांच्या शेजारात राहून तो आला असावा, असा माझा अंदाज आहे. बाबांनी हा त आयुष्यभर लाल शाईने खोडला, तेव्हा त्यांच्याच पुस्तिकेवर तो दिसणे शक्य नव्हते. मी शब्द शुद्ध टंकला, पण संकेतस्थळाच्या तयार नमुन्यातल्या वळणदार फाँटला स आणि र यांचे जोडाक्षर येत नव्हते. पडद्यावर पाय मोडलेला स, मग थोडी जागा, आणि मग एकटा र, असे काहीतरी उमटले, जणू दोघांचे भांडण झाले होते. फाँट बदलला. दुसऱ्यात जोडाक्षर जुळले, पण ल आणि श हिंदी वळणाचे आले. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणे आहेत, असे राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून सांगितलेले आहे. त्या नमुन्याला तो निर्णय कळलेला नव्हता. सहाव्या फाँटला सगळी अक्षरे गुण्यागोविंदाने बसली. मी ते पान मोठे करून, लहान करून, फोनवर आणि टॅबवर पाहिले. बहिणीने पाहिले, मेहुण्यांनी पाहिले. एकूण सात माणसांनी मिळून त्या एका स्र वर डोळे रोखले.

रविवारी रात्री, सगळे जुळून आल्यावर, अमरावतीच्या मोठ्या आत्याचा मजकूर आला. आत्याने तो कागदावर लिहून कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून टंकून घेतला होता, आणि त्याने तो आपल्या सवयीच्या जुन्या फाँटमध्ये टंकला होता. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या समान अक्षरसंकेतात, १९९१ साली, पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली; पण डीटीपीच्या दुकानांत अजूनही असे फाँट चालतात, ज्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. तो फाँट संगणकात नसेल, तर आत्याची माया कंस, टक्केचिन्हे आणि उलटसुलट इंग्रजी मुळाक्षरांच्या रूपाने समोर येते. तशी ती आली. मी मजकूर एका परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फाँटचे युनिकोड करून देणाऱ्या साधनातून, काढला, वरवर नजर फिरवली, वाचता येतो आहे असे पाहिले आणि चौदाव्या पानावर बसवला.

या परिवर्तकांची एक खोड मला नंतर कळली. जुन्या फाँटमध्ये रफार ज्या अक्षरावर दिसतो, त्या अक्षरानंतर टंकतात. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे त्या अक्षराच्या आधी लागतो. म्हणून परिवर्तकाला प्रत्येक रफार उचलून मागे न्यावा लागतो, आणि वाटेत काने-वेलांट्या आल्या की कधीकधी तो एक घर जास्त मागे जातो.

सोमवारी अकरा बावन्नला मंजुरीचे पान उघडले. खाली एक छोटी चौकट होती: मजकूर, शुद्धलेखन आणि मांडणी मी तपासली असून पुढील जबाबदारी माझी आहे. आठ मिनिटांत दिवस हातचा जाणार होता. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस चुकीचा शब्द पाहून निदान “गुरुजी, हे असंच ठेवायचं का?” असे विचारत असे, असे बाबा सांगतात, ही चौकट काहीच विचारत नव्हती, ती फक्त रिकामी होती. मी खूण केली.

पुढचे चार दिवस मी फोनच्या पडद्यावर जगले. छपाई सुरू झाली, बांधणी झाली, बुधवारी रात्री पार्सल निघाले, गुरुवारी ते नागपूरच्या इतके जवळ आले की मला त्याचा वास येऊ लागला. शुक्रवारी दुपारी ते आणणाऱ्या मुलाचा फोन आला. “ताई, बर्डीवर मोर्चा येऊन राहिला, पोलिसांनी रस्ता बंद केला. मी झाशी राणी चौकात उभा राहून राहिलो. उद्या आणून देऊ का?” उद्या या शब्दावरचा माझा विश्वास एव्हाना पार उडालेला होता. मी स्कूटर जाईल तिथवर नेली, पुढे चालत गेले, आणि घोषणा देत चाललेल्या अंगणवाडी सेविकांच्या रांगेच्या कडेने ते खोके छातीशी धरून परत आले. एका बाईंनी मला आपल्यातलीच समजून खोक्यात पत्रके आहेत का, असे विचारले.

मुखपृष्ठ सुरेख होते. पडद्यावरचा झेंडूचा केशरी रंग कागदावर थोडा विटकरी झाला होता, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि कागद शाईने; पण ‘सहस्रचंद्रदर्शन’ नितळ उमटले होते. मी स्र वर बोट फिरवले आणि खोके कपाटात ठेवले.

शनिवारी बहीण आली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तिला राहवेना, म्हणून पहिली प्रत बाबांच्या हातात पडली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिले, मान हलवली. लग्नाच्या फोटोपाशी बराच वेळ थांबले. मग नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचू लागले. चौदाव्या पानावर त्यांनी चष्मा सारखा केला, आणि माझ्या पोटात गोळा आला. आत्याच्या मजकुराच्या अगदी मथळ्यात, जाड ठशात, ‘आर्शीवाद’ असे छापलेले होते.

बाबा रागावले नाहीत. “पेन आण,” एवढेच म्हणाले. “लाल नको, निळा आण. शुभकार्य आहे.”

रात्री साडेअकरापर्यंत ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बहीण प्रत उघडून चौदावे पान समोर धरी, बाबा शी वरचा रफार एका तिरक्या रेघेने खोडून वा वर नवा देत, मी शाई वाळेपर्यंत पान फुंकून प्रत बाजूला ठेवी. चाळिसाव्या प्रतीच्या सुमारास त्यांचा हात दुखू लागला; उरलेल्या आम्ही करतो म्हटले, तर म्हणाले, “तुमचा रफार बघितलाय मी.”

रविवारी बर्फीच्या डब्यांबरोबर पुस्तिका वाटल्या. लोकांनी चौदाव्या पानावरची निळी खूण पाहिली, आणि कोणी ती बाबांची सही समजले, कोणी काही धार्मिक चिन्ह. बाबांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः निवृत्त झालेला, पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. त्याने पान उघडले, खूण पाहिली, आणि घाईघाईने आपला स्वतःचा लेख असलेले अठरावे पान काढून त्यावरून बोट फिरवत एकेक ओळ तपासू लागला.