लॅक्स्टनच्या शिवारात

गुरुवार, नोव्हेंबरअखेर

बुटांना चिकटलेला चिखल अजून निघत नाहीये. आज रजा टाकून लॅक्स्टनला जाऊन आले. नॉटिंगहॅमशरमधलं एवढंसं गाव. बाकी इंग्लंडात बहुतेक शेतांना कधीच कुंपणं पडली, इथे मात्र उघड्या शिवाराची जुनी शेती आजही चालते. वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड अशी तीन शिवारं. प्रत्येकात शेतकऱ्यांच्या लांबलचक पट्ट्या, मधे कुंपण नाही की बांध नाही. एका शिवारात थंडीतला गहू, दुसऱ्यात वसंतातली पेरणी, तिसरं पड किंवा चाऱ्याला. दर वर्षी पाळी बदलते. १६३५ सालचा या पट्ट्यांचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. १९५२ मध्ये सरकारनं गावची जमीन विकत घेतली, ही पद्धत टिकावी म्हणून. आता ती थोर्सबी इस्टेट या खाजगी जहागिरीकडे आहे.

आज पंचांची पाहणी होती. पंच म्हणजे गावचेच लोक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गव्हाच्या शिवारात आले. कुणाचा नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवतात घुसलाय का, ते बघायला. एका जागी नांगराचं तास सरळसरळ गवतात गेलं होतं. दोघातिघांनी वाकून पाहिलं, हद्दीवर लाकडी खुंटी धरली, वरून घण घातला. तिसऱ्या ठोक्याला ती चिकणमातीत घट्ट बसली. नाव टिपून घेतलं. दंडाचं पुढच्या आठवड्यात, कोर्ट लीट या गावच्या न्यायसभेत. मग सगळे मिळून डव्हकोट इनमध्ये जेवायला गेले.

मी तिथेच उभी राहिले. वीतभर बांधापायी आमचे अण्णा आणि काका अकरा वर्षं बोलले नाहीत. मोजणी झाली, तारखा झाल्या. काकांच्या दहाव्याला अण्णा नदीवर गेले, पण लांब उभे राहिले. आमच्याकडेही कुणी वर्षातून एकदा असं दिवसाउजेडी सगळ्यांसमोर खुंटी ठोकायला हवं होतं. फार हवं होतं.

परतताना अण्णांना फोन लावला, सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.

"ज्याचं तास गेलं, तोही जेवायला होता?"

"होय की."

"बरं," म्हणाले. मग, "गहू केवढा झालाय तिकडे?"

"बोटभर."