फ्लूच्या न्यूमोनियात नळीतून पोषण : माझा अनुभव

फ्लू किंवा कोविडच्या न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक आम्हा डाएटिशियनना बहुतेक वेळा आधी व्हिटॅमिन सीबद्दल विचारतात. मी मात्र आधी वजन विचारते आणि रक्तातला फॉस्फरस बघते.

अंगावर सूज असेल तर खाटेवर दिसणारं वजन धरत नाही, आजारापूर्वीचं धरते. समजा 60 किलो. किलोमागे 25 किलोकॅलरी म्हणजे दिवसाला 1500 आणि किलोमागे 1.3 ग्रॅम प्रोटीन म्हणजे 78 ग्रॅम. हा आकडा चौथ्या दिवसापासूनचा. पहिले तीन दिवस 70 टक्क्यांच्या आत राहायचं, कारण त्या काळात शरीर स्वतःच साखर तयार करत असतं आणि बाहेरून कितीही दिलं तरी ते थांबत नाही. वर जादा कॅलरी गेल्या की कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो बाहेर टाकायचं काम आधीच थकलेल्या फुप्फुसावर पडतं.

रक्तदाब स्थिर असेल तर 48 तासांच्या आत फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, सुरू करतो. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिन या औषधाचा डोस अजून चढत असेल तर थांबतो, कारण तेव्हा आतड्यालाच रक्त कमी मिळत असतं. एक्स-रेमध्ये रायल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीचं, टोक जठरात दिसल्याशिवाय काहीही सोडायचं नाही. सुरुवात पंपावर ताशी 20 मिलि. पावडरचं कालवलेलं फीड चार तासांपेक्षा जास्त टांगून ठेवत नाही. दर चार तासांनी 30 मिलि पाण्याने नळी धुतो. घरून आणलेली पेज किंवा सूप कितीही गाळलं तरी नळी तुंबते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे मूत्रपिंडं दमलेली असतील तर ते चालत नाही.

हिशोब सगळ्यात जास्त चुकतो तो प्रोपोफॉलमुळे. ते झोपेचं औषध तेलात असतं. दर मिलिमागे 1.1 किलोकॅलरी. ताशी 10 मिलि चालू असेल तर दिवसाला 264 कॅलरी त्यातूनच जातात. उरल्या 1236, म्हणजे एका मिलिला एक कॅलरी देणारं फीड ताशी साधारण 50 मिलि. पण लिटरला 40 ग्रॅम प्रोटीन असलेल्या फीडमधून तेवढ्यात जेमतेम 49 ग्रॅम मिळतात. राहिलेले 29 ग्रॅम व्हे (दुधातल्या प्रोटीनच्या) पावडरमधून वेगळे द्यावे लागतात : तीन-चार वेळा विभागून, कोमट पाण्यात कालवून, आधी आणि नंतर नळी धुऊन. उकळत्या पाण्यात पावडर टाकली तर गुठळ्या होतात आणि नळी बंद पडते.

रुग्णाला पालथं झोपवलं म्हणून फीड बंद करायचं नसतं. वळवण्याआधी तासभर थांबवतो, नळीतून जठर रिकामं करतो, वळवून झालं की खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उंच करून पुन्हा सुरू करतो. सहा तासांत जठरातून 500 मिलिपेक्षा जास्त फीड परत निघालं तर जठर पुढे ढकलायला लावणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिन या औषधांबद्दल डॉक्टरांशी बोलते. 150 मिलि निघालं म्हणून पंप बंद करणं ही उपासमारच आहे. वळवणं, सीटी, नळी बदलणं यांत दिवसाचे चार तास सहज जातात, म्हणजे 200 मिलि. म्हणून सिस्टरांना ताशी वेग नाही, दिवसाचा एकूण आकडा लिहून देते. राहिलेलं त्याच दिवशी वेग वाढवून भरून निघतं.

आठवडाभर तापात काही न खाल्लेल्या रुग्णाला फीड सुरू झालं की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फरस पेशींत ओढला जातो. तो डेसिलिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर श्वासाचे स्नायू दुबळे पडतात आणि व्हेंटिलेटर सुटत नाही. अशा रुग्णाला आधी थायमिन (व्हिटॅमिन बी1), मग फीड. पहिले काही दिवस फॉस्फरस रोज तपासायचा. घसरला तर शिरेतून भरून काढायचा आणि फीड 48 तास कमी ठेवायचं.

आता व्हिटॅमिन सी. 2022 च्या लोविट चाचणीत सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णांना शिरेतून मोठे डोस दिले, तेव्हा मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट वाढलं. ग्लुटामिन या अमिनो आम्लाचंही 2013 मध्ये तसंच झालं. रोजच्या गरजेपुरती जीवनसत्त्वं पूर्ण फीडमधून मिळतात. कमतरता सिद्ध झाली तरच वेगळी देतो.

घशातली व्हेंटिलेटरची नळी निघाल्यावर गिळणं तपासल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. आधी घट्ट, मऊ अन्न. पातळ पदार्थ सगळ्यात शेवटी, कारण तेच श्वासनलिकेत उतरतात. गरजेच्या साधारण दोन तृतीयांश अन्न तोंडाने जाईपर्यंत मी रायल्स ट्यूब काढू देत नाही.