कीबोर्ड उलयना

रात्री पावणेनऊला फोन आला. "दादा, कीबोर्ड उलयना!" पलीकडे पोरगा रडकुंडीला आला होता. फोंडा तालुक्यातल्या एका गावी जत्रेचं नाटक, साडेदहाला पालखी देवळात परतली की पडदा वर. आणि कीबोर्ड मुका.

मी मडगावला असतो. ध्वनियंत्रणा आणि कीबोर्डची दुरुस्ती हे माझं काम, त्यातही निम्मी 'दुरुस्ती' म्हणजे कुणीतरी बदललेली सेटिंगं जागेवर आणणं. बोरीचा पूल ओलांडताना मनात एकच धास्ती होती: दमट हवेनं आतलं बोर्ड गेलं असेल तर आज रात्री काही खरं नाही. याच मंडळींचा पायपेटीचा ऑर्गन हवेनंच गेला. रीडा गंजल्या म्हणून तर कीबोर्ड आला.

रंगमंचामागे पोचलो तेव्हा मेकअपवाला दाढ्या चिकटवत होता आणि पोरगा कीबोर्डसमोर उभा राहून एकच पट्टी दाबत होता. स्क्रीन लागलेला, ऑर्गनचा आवाज निवडलेला, व्हॉल्यूम पूर्ण. वायर बदलून झाली, मिक्सरचं चॅनल बदलून झालं, तीन वेळा बंद करून चालू करून झालं.

मी डेमो गाणं लावलं. स्पीकर दणाणला. पोरग्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

डेमो वाजतंय म्हणजे आतलं सूरयंत्र शाबूत, बाहेरची वायर शाबूत. पट्ट्या तेवढ्या आत पोचत नाहीत. आणि सगळ्या ६१ पट्ट्या एका दुपारी मरत नसतात. मी ग्लोबलचं, म्हणजे अख्ख्या यंत्राच्या सेटिंगांचं, पान उघडलं, मिडीचा विभाग काढला. मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा. 'लोकल कंट्रोल: ऑफ.'

आणि मला घाम फुटला. कारण ते ऑफ मीच केलं होतं.

झालं होतं असं. पावसाळ्यात तालमीला पहिल्यांदा लॅपटॉप जोडला, तेव्हा प्रत्येक सूर दुहेरी यायला लागला, पत्र्याच्या डब्यात बसून कुणी वाजवल्यासारखा. पट्टी दाबली की कीबोर्ड स्वतःचा सूर काढतो, वर तीच नोंद यूएसबीतून लॅपटॉपला जाते, लॅपटॉप ती इमानदारीत परत पाठवतो, आणि कीबोर्ड तोच सूर कणभर उशिरा पुन्हा काढतो. यंत्राची एकाच वेळी सूर धरायची ताकदही त्यात निम्म्यावर येते. त्यावरचा झटपट उपाय म्हणजे लोकल ऑफ: पट्ट्या आणि सूरयंत्र यांच्यामधलं दार बंद, सगळी ये-जा लॅपटॉपमार्गे. काही कीबोर्ड बंद करून चालू केले की हे दार आपसूक उघडतं. इथे मी ग्लोबल 'राइट', म्हणजे सेव्ह, करून ते कायमचं बंद ठेवलं होतं. तालमींना लॅपटॉप कायम जोडलेला, म्हणून कुणाला पत्ता नाही. आज लॅपटॉप घेऊन येणारा पोरगा पणजीहून अजून वाटेत होता.

लोकल ऑन केलं. पोरग्यानं सा धरला, आणि विंगेतून दोन मावळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पेटीवाले मास्तर सत्तरीतले. त्यांनी विचारलं, "अरे, त्या वायरीतून सूर जातो, मग तो अडतो कुठे?" म्हटलं, "मास्तर, सूर जातच नाही. हुकूम जातो. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. मधली पांढरी एक म्हणजे ६० नंबर, जोर १ ते १२७. बास. सूर काढायचं काम पलीकडच्याचं." १९८३ साली अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीनं जोडून दाखवले होते, तेही मी सांगितलं. मास्तरांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. "म्हणजे भाता मारणारा एक, वाजवणारा दुसरा," म्हणाले. माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं त्यांनी.

सव्वादहाला लॅपटॉप आला. जोडला, सूर परत दुहेरी. या वेळी मात्र पावसाळ्यातच करायला हवं होतं ते केलं: लॅपटॉपमध्ये आलेली नोंद परत पाठवायची सोय बंद केली, कीबोर्डला हात लावला नाही. दोन मिनिटांचं काम. इथपर्यंत मी शहाणा.

तेवढ्यात गाणाऱ्या ताई आल्या, घशाला मफलर. "माझा घसा बसलाय रे. काळी पाच आज जमायची नाही, काळी चार कर." ताईंची बाकीची पदं पेटी-तबल्यावर, त्यांची अडचण नव्हती. दुसऱ्या अंकातलं नव्या चालीचं एक गाणं तेवढं लॅपटॉपवर बसवलेलं: व्हायोलिनं, बेस, हलका ड्रम. बाहेर पालखीचे ढोल जवळ येत होते. मी घाईत सगळे ट्रॅक एकदम निवडले, मधली पांढरी धरून दोन सूर खाली, सेव्ह.

जाणकारांना एव्हाना कळलं असेल. मिडीत १६ चॅनल, म्हणजे हुकमांच्या १६ वाटा. त्यातलं दहावं ड्रमचं, १९९१ च्या जनरल मिडी या सामायिक नियमावलीपासूनचा हा रिवाज. त्या चॅनलवर नंबर म्हणजे सूर नव्हे, प्रत्येक नंबराला वेगळं वाद्य बसवलेलं असतं. तिथे दोन सूर खाली म्हणजे वाद्यच बदललं.

दुसरा अंक. राणी एकटी, निळा प्रकाश, व्हायोलिनं नीट काळी चारमध्ये. आणि ठेका सुरू झाला. बंद हाय-हॅटचा, म्हणजे मिटलेल्या जोडझांजेचा, नंबर ४२, जिथे नाजूक टिक्-टिक् हवी. तिचा झाला ४०, म्हणजे स्नेअर, कडकडीत वाजणारा ड्रम. दर मात्रेला दोनदा पोलीस बँडसारखं ताड्-ताड्. मूळचा स्नेअर ३८ वरून ३६ वर, म्हणजे मोठ्या बेस ड्रमवर, जाऊन धब्बकन बसला. ताईंनी मान किंचित वळवून विंगेकडे पाहिलं, पण सूर सोडला नाही. दोन ओळींनंतर राइड झांजेची किणकिण येणार हे मला ठाऊक होतं. राइड ५१. दोन वजा केले की ४९.

४९ म्हणजे क्रॅश, दणकून आदळणारी झांज.

झण्ण! पहिल्या रांगेतलं झोपलेलं पोर उठून रडायला लागलं. मी लॅपटॉपवर झेप घेतली, दहाव्या चॅनलचं म्यूट दाबलं. ठेका गायब, अर्धं आवर्तन नुसता बेस. आणि कुणी खूण न करता तबलजीनं केरवा धरला, जसं काही तालमीत तसंच ठरलं होतं. गाणं संपल्यावर वन्समोअर आला. तो तबलजीचा होता, हे विंगेतल्या सगळ्यांना कळत होतं.

पहाटे साडेतीनला सामान बांधताना सचिव आले, हातात नारळ आणि पाकीट. नारळ घेतला, पाकीट परत दिलं.

"का रे?"

"ते लोकल मीच बंद करून ठेवलं होतं. आणि ती झांजही माझीच."

सचिवांना लोकल म्हणजे काय ते कळलं नाही, पण शेजारी पेटीला खोळ घालणाऱ्या मास्तरांनी मान वर केली.

"मग नारळही ठेव खाली," म्हणाले.