तुम्ही विचारलंत म्हणून: एकेक ग्लास का?

दर डिसेंबरात मी पाहुण्यांना फळाचा गर घालून स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन देते, आणि कोणीतरी विचारतंच. "एवढी माणसं आलीत, आणि तू एकेक ग्लास भरत ओट्यापाशी काय उभी? सगळं एकदम जगमध्ये करून ठेव आणि ये बसायला." गेल्या वर्षी तिघांनी विचारलं. एकीने तर पळीसकट मोठा काचेचा बोल भेट दिला. तो अजून खोक्यातच आहे.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी माझं नेहमीचं उत्तर, कारण ते खोटं नाही.

स्पार्कलिंग वाइनचे पैसे आपण तिच्यातल्या वायूसाठी मोजतो. शॅम्पेनच्या बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, प्रोसेको या इटालियन स्पार्कलिंग वाइनमध्ये त्याहून कमी. बूच निघालं की वायू बाहेर पडायला वाट शोधतो, आणि फळाचा गर ही त्याची आयती वाट. गराच्या कणाकणापाशी बुडबुडे धरतात आणि सुटतात. त्यात जगचं तोंड उघडं, खोलीत ऊब, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण पळी फिरवणार. थोड्या वेळाने उरतो तो फळांचा आंबटगोड काढा. थंडीत वायू जास्त विरघळून राहतो, म्हणून बाटली सहा ते आठ अंशांवर, गर थंड, ग्लासही थंड. बर्फ घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बाटली उचलून दुसऱ्या खोलीत ठेवते.

रीत साधी आहे. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युसेप्पे चिप्रियानींनी बेलिनी नावाचं कॉकटेल केलं, त्याच्या प्रचलित कृतीत पांढऱ्या पीचचा गर एक भाग आणि प्रोसेको दोन भाग. मी गर त्याहून कमी घेते, तळाशी जेमतेम दोन बोटं. आधी गर, मग ग्लास तिरका धरून वाइन, तीही दोन हप्त्यांत, कारण पहिल्या धारेला फेस काठावर येतो आणि तो बसायची वाट बघावी लागते. नंतर लांब चमचा तळापासून एकदाच वर आणायचा. वाइन 'ब्रूट' घ्यावी, लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखरेची, कारण गोडवा फळ आणतंच. 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव वाचून फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते. मी फसले होते.

हे सगळं ऐकून लोक मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी तेच विचारतात. बहुधा त्यांना ते पटत नाही. आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण गर जगमध्ये ठेवून वाइन शेवटच्या क्षणी ओतली तर काम भागतं. मीच भागवलं होतं, सहा वर्षांपूर्वी.

त्या वर्षी मी दोन जग केले. एकात ब्रूट, दुसऱ्यात सफरचंदाचा रस आणि सोडा. दुसरा मुलांसाठी आणि माझ्या धाकट्या भावासाठी. त्याने दारू सोडून तेव्हा चार वर्षं झाली होती. ती चार वर्षं कशी गेली ते आमच्या घरच्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. दोन्ही जगांत संत्र्याच्या चकत्या आणि मूठमूठ डाळिंबाचे दाणे टाकले. सोड्यातही दाणे वाइनमधल्यासारखेच नाचतात: अंगाला बुडबुडे चिकटले की वर, ते फुटले की खाली. मी थोडा डाळिंबाचा रस घालून रंगही जुळवला होता. मुद्दाम. त्याचा ग्लास वेगळा दिसू नये, कोणी "तुझ्यात काय?" म्हणून विचारू नये, एवढंच मनात होतं. दोन जग शेजारी ठेवून लांबून पाहिले तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मग कोणीतरी केकसाठी जागा करायला जग सरकवले. कोणी, ते मी कधी विचारलं नाही. मी सवयीने डावा उचलला, त्याचा ग्लास भरला, वर एक चकती खोचली आणि हसत त्याच्या हातात दिला.

त्याने मोठा घोट घेतला. तहान लागल्यावर घेतात तसा, कारण त्याच्या लेखी तो सफरचंदाचा रस होता. गिळला नाही. गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. ग्लास हळू खाली ठेवून सिंकपाशी गेला, थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली. नळ बराच वेळ चालू होता. मग पाठमोराच म्हणाला, "ताई, यात आहे."

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. बारा वाजायच्या आत तो घरी गेला. त्याचं पुढे काही बिघडलं नाही, हे लगेच सांगते, कारण इथवर आल्यावर सगळे तेच विचारतात. फक्त तेव्हापासून तो येताना सोड्याची बाटली घेऊन येतो. सीलबंद. स्वतः उघडतो, स्वतः ओततो, आणि ग्लास कुठेही खाली ठेवत नाही. हात धुवायला गेला तरी बरोबर नेतो.

चिठ्ठी लावायची होती, संपलं, असं त्या वेळची मी म्हणेल. खरंच आहे. दोन चिठ्ठ्या आणि दोऱ्याचा तुकडा, एवढ्यात भागलं असतं. एकेक ग्लास भरण्याने काय साधतं? भरलेले ग्लासही टेबलावर अदलाबदल होतातच. मी म्हणते, निदान प्रत्येकाला "तुझ्यात काय?" विचारावं लागतं. ती म्हणते, तोच तर प्रश्न तुला टाळायचा होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि ओट्यापाशी उभं राहिलं की त्याच्या शेजारी बसावं लागत नाही. हेही आहे. बुडबुड्यांइतकंच, कदाचित जास्त.

गेल्या वर्षी विचारणाऱ्या तिघांत तोही होता. माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, मी फेस बसायची वाट बघत होते.

"ताई, जगमध्ये का नाही करत?"

"बुडबुडे जातात," मी म्हटलं.

तो "हं" म्हणाला आणि त्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं.