स्फिंक्स बसला की बसली?

मुलांसाठीच्या ग्रीक गोष्टींच्या अनुवादाचं प्रूफ वाचत होते. पान ४२ वर स्फिंक्स थीब्जजवळच्या डोंगरावर ‘बसला होता’, आणि पान ४३ वर तोच ‘कड्यावरून उडी टाकून मेली’. अनुवादकाला फोन केला. म्हणाला, “अहो, बॉक्स, टॅक्स, फॅक्स सगळे पुल्लिंगी, म्हणून हाही केला. मरतानाचं कसं सुटलं कुणास ठाऊक.”

ग्रीकांची स्फिंक्स बाईच. चेहरा बाईचा, धड सिंहाचं, वर पंख. सकाळी चार, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन पायांवर चालतं ते काय, हे तिचं कोडं. चुकलेल्याला ती खायची. ‘माणूस’ हे उत्तर इडिपसनं दिलं आणि तिनं जीव दिला. (आपला यक्ष बरा. उत्तरं मिळाल्यावर त्यानं युधिष्ठिराचे भाऊ उठवून दिले. तरी न सुटणाऱ्या प्रश्नाला आपण ‘यक्षप्रश्न’ म्हणतो. धर्मराजानं तर सगळे सोडवले होते!) तिच्या नावाचा संबंध ‘आवळणं’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडतात. डॉक्टरांचा ‘स्फिंक्टर’, म्हणजे आवळून धरणारा गोल स्नायू, त्यातलाच. पण प्राचीन ग्रीक कवी हेसिअड तिला ‘फिक्स’ म्हणतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती मागाहून चिकटवलेली असावी, असंही एक मत आहे. मला ते पटतं.

घोळ होतो तो इजिप्तमुळे. गिझाचा स्फिंक्स सुमारे ७३ मीटर लांब, २० मीटर उंच, जागच्या जागी चुनखडीत कोरलेला. चेहरा खाफ्रे राजाचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला पंख नाहीत आणि तो कुणाला काही विचारत नाही. ग्रीकांनी आपल्या बाईचं नाव या बुवाला देऊन टाकलं, एवढंच. पुढच्या काळातले इजिप्ती लोक त्याला ‘होर-एम-आखेत’, म्हणजे क्षितिजावरचा होरस देव म्हणत. अरबीत तो ‘अबू अल-हौल’, भयाचा बाप. त्यामुळे ‘विचारलं तर नुसता स्फिंक्ससारखा बसून राहिला’ असं कुणी लिहिलं की डोळ्यांपुढे गिझाचाच येतो. थीब्जची बया गप्प बसणारी नव्हती.

म्हणून ठरवलं, ग्रीक कथेत ‘ती’, गिझात ‘तो’. मग इजिप्तची हातशेप्सुत आठवली. बाई असून फॅरो, म्हणजे तिथला राजा झाली आणि स्वतःचे स्फिंक्स घडवून घेतले ते आयाळ आणि खोट्या दाढीसकट. नशीब, ती या पुस्तकात नाही.

‘बसला’ खोडून ‘बसली’ केलं. पण पान ६० वर अथेन्सच्या परिसरातली जुनी थडगी निघाली. त्यांच्या खांबांच्या माथ्यावर स्फिंक्स असत. आता अनेकवचन? भिंत-भिंती तशा ‘स्फिंक्सी’? वीट-विटा तशा ‘स्फिंक्सा’? दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि हसू आलं. शेवटी ‘खांबांवर स्फिंक्स बसवलेल्या असत’ असं केलं आणि पान उलटलं.