कच्चं केळ, पिकलं केळ

सातवीतल्या लेकीला विज्ञानात कमी मार्क पडले. ‘पिष्टमय पदार्थ’ तोंडपाठ, पण ते असतात कसे ते ठाऊक नाही. रावेरात, केळीच्या बागांत राहून!

आज वही बाजूला ठेवली. मळ्यातून एक कच्चं केळ आणलं, पिकलेलं घरात होतंच. दोन्हींच्या चकत्यांवर टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले. कच्ची चकती बघता बघता निळी-काळी पडली, म्हणजे तिच्यात स्टार्च (पिष्ट) भरपूर. पिकलेलीवर जेमतेम डाग. (चकत्या नंतर फेकल्या, आयोडीन लागलेलं खायचं नाही.)

लेक अगदी नाक टेकवून बघत होती. मग म्हणाली, “पप्पा, पिकताना स्टार्चची साखर होते, म्हणून गोड लागतं ना?”

मला भरूनच आलं. हो म्हणेपर्यंत ती बटाटा आणायला पळालीसुद्धा.